पिवळा ब्रिसलनोज: टाकी मांडण्यापासून पिल्लं वाढवण्यापर्यंत

पिवळा ब्रिसलनोज काचेला तोंड लावून बसला की त्याचं पोट आपल्या समोर येतं. तेवढ्यात ते नीट बघून घ्यावं. पोट किंचित फुगीर, निदान सपाट असेल तर मासा व्यवस्थित खातो आहे. तोंडाच्या चकतीमागे आत खोबण पडलेली दिसली तर तो उपाशी आहे, मग टाकीत शेवाळ कितीही दिसो. नवख्यांच्या टाकीत हा मासा दगावतो तो बऱ्याचदा भुकेने. ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून त्याला आणतात, तो दोन आठवड्यांत काच साफ करतो आणि मग त्याला खायला काही उरत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचताना हे पोट लक्षात असू द्या, कारण जवळपास प्रत्येक चूक शेवटी तिथेच दिसते.

मासा नेमका कोणता?

ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस या दक्षिण अमेरिकी प्रजातीतला छोटा प्लेको, म्हणजे चकतीसारख्या तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश. पूर्ण वाढीचा मासा १२ ते १५ सेंमी भरतो आणि नीट सांभाळला तर ८-१० वर्षं सहज जगतो. मूळ रंग तपकिरी, त्यावर फिकट ठिपके. पिवळं रूप हे त्याच माशाचं: गडद रंगद्रव्य नाहीसं झालेलं, पण डोळे मात्र काळे किंवा निळसर राहिलेले. त्याला कुणी लेमन म्हणतं, कुणी गोल्डन, कुणी ‘एल १४४’.

हा ‘एल’ क्रमांक कुठून आला ते माहीत असलेलं बरं. १९८८ मध्ये ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने शास्त्रीय नाव न मिळालेल्या प्लेकोंना क्रमांक द्यायला सुरुवात केली. म्हणजे क्रमांक ही फक्त ओळखीची चिठ्ठी आहे, जातीचं प्रमाणपत्र नाही. आज या क्रमांकाने मिळणारे मासे टाकीत पैदास झालेले असतात. चिठ्ठीपेक्षा माशाचा डोळा बघा.

अल्बिनो ब्रिसलनोजही पिवळटच दिसतो आणि तो लेमन म्हणून सर्रास गळ्यात पडतो. अल्बिनोची बाहुली लाल किंवा गुलाबी असते, लेमनची गडद. एक अडचण मात्र आहे. या माशांच्या बुबुळाला वरून एक झडप असते. उजेड वाढला की ती खाली पसरते आणि बाहुलीची नुसती बारीक कमान उरते. म्हणून भगभगीत दिव्याखाली डोळा ओळखू येत नाही. दिवा मंद करायला सांगा, मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि मग बाजूने बघा.

पायरी १: टाकी आणि पाणी, मासा आणण्याआधी दीड महिना

एका जोडीला ७५ × ३० × ३८ सेंमीची टाकी घ्या. त्यात काठोकाठ ८५ लिटर, प्रत्यक्षात ७० लिटरच्या आसपास पाणी राहतं. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण हा मासा तळाशी, लाकडावर आणि काचेवरच राहतो. दोन नर ठेवायचे असतील तर टाकी किमान १२० सेंमी लांब हवी. त्याहून लहान टाकीत ते एकमेकांचे पर फाडतात.

तळाला बारीक वाळू किंवा गुळगुळीत गोटे, २-३ सेंमी थर. धारदार खडी टाळा. या माशाच्या पाठीवर हाडांच्या चकत्यांचं चिलखत आहे, पण पोट उघडं, मऊ आहे. जड दगड वाळूवर ठेवू नका, थेट तळाच्या काचेवर टेकवून मग भोवती वाळू घाला. ब्रिसलनोज दगडाखाली उकरतो आणि दगड कलंडून त्याच्याच अंगावर पडतो.

ड्रिफ्टवुड हवंच. मासा ते दिवसभर खरवडतो. लाकूड त्याला पचत नाही, पण लाकडावर वाढणारा सूक्ष्मजीवांचा थर तो खातो आणि तंतूंमुळे त्याचं पोट साफ राहतं. लाकूड आठ-पंधरा दिवस बादलीत भिजवा, पाणी रोज बदला. पुढेही पाण्याला चहासारखा रंग येईल. तो निरुपद्रवी आहे. नव्या लाकडावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरा बुळबुळीत थर येतो, त्यालाही घाबरू नका. मासा तो आवडीने खातो.

फिल्टर ताशी पाण्याच्या पाच-सहा पट प्रवाहाचा घ्या, म्हणजे वरच्या टाकीला ताशी ४०० लिटरच्या आसपास. शिवाय एअरपंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर. हा दुसरा फिल्टर चैन नाही. ब्रिसलनोज प्रचंड विष्ठा टाकतो आणि त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. ऑक्सिजन कमी पडला की तो वर झेपावून हवा गिळतो, कारण गिळलेल्या हवेतला ऑक्सिजन त्याला पोटातून शोषता येतो. कधीतरी एकदा वर आला तर हरकत नाही. तासात चार-पाच वेळा येऊ लागला तर हवा वाढवा आणि अमोनिया तपासा.

हीटर १०० वॉटचा, तापमान २४ ते २६ अंश. त्याला प्लास्टिकची जाळी लावाच. हा मासा गरम नळीला चिकटून बसतो आणि पोट भाजून घेतो. उन्हाळ्यात पाणी २९ अंशांच्या वर गेलं तर आधी हवा वाढवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि उष्णतेपेक्षा त्याचाच फटका आधी बसतो.

आता टाकी ‘सायकल’ करणं. फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे नसलेल्या, पाणी भरलेल्या टाकीत अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात दोन भाग) घाला आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजा. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य येतं, तेव्हा टाकी तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदलून साठलेलं नायट्रेट उतरवा. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं. मात्र ती टाकी निरोगी असल्याची खात्री हवी.

पीएच ६.५ ते ७.५ चांगला, पण टाकीत जन्मलेले मासे ७.८ पर्यंतही जुळवून घेतात. पीएच अचूक आकड्यावर आणण्यासाठी रसायनं ओतत बसू नका. रोज वरखाली होणारा पीएच स्थिर ७.८ पेक्षा वाईट.

पायरी २: मासा निवडणे

४-५ सेंमीचे पाच-सहा पिवळे मासे घ्या, शक्यतो दोन वेगळ्या पैदासकारांकडून. याची दोन कारणं. या वयात नर-मादी कळत नाहीत, सहा घेतले तर दोन्ही मिळण्याची शक्यता चांगली. आणि एकाच विणीतली भावंडं पिढ्यान् पिढ्या जोडत गेलं की आखूड अंगाची, पाठीचा पर नसलेली, कल्ल्याचं झाकण अर्धवट असलेली पिल्लं निघू लागतात. पिवळ्या रूपात हे जास्त दिसतं, कारण रंग टिकवायच्या नादात जवळच्या नात्यातली जोडणी वारंवार झालेली असते.

मासा काचेवर असताना पोट बघा. खपाटीला गेलेलं पोट किंवा खोल गेलेले डोळे असतील तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. डोळे आत गेलेला ब्रिसलनोज क्वचितच सावरतो. पाठीचा पर कायम मिटलेला आहे का, तेही बघा. निरोगी मासा हलताना तो उभारतो.

नर-मादी ६-८ सेंमीला कळू लागतात. नराच्या नाकाडावर मांसल, फांद्या फुटलेले कोंब येतात, अगदी कपाळापर्यंत. मादीला एकतर नसतात किंवा ओठाच्या कडेने बारीक ओळ असते.

पायरी ३: टाकीत सोडणे

पिशवी १५ मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग ती उघडून दर पाच-सात मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी घालत रहा, पाऊण तासभर. पण मासा चोवीस तासांहून जास्त प्रवास करून आला असेल तर ही सावकाश पद्धत वापरू नका. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळू लागतो. अशा वेळी तापमान जुळलं की लगेच मासा हलवा.

पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, आणि मासा जाळीने पकडायचा नाही. गालाजवळ काट्यांचा झुपका असतो. मासा घाबरला की तो बाहेर फाकतो आणि जाळीत असा अडकतो की ओढल्यास गाल फाटतो. एखादा डबा किंवा रुंद तोंडाचा ग्लास पुढे धरून मागून हाताने सावकाश हाका. जाळीत अडकलाच तर मासा पाण्यातच ठेवून कात्रीने जाळी कापा.

आधीच मासे असलेल्या टाकीत सोडण्यापूर्वी तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. पहिले दोन दिवस दिवा बंद. तीन दिवस मासा दिसला नाही तरी लाकडं उचलून शोधत बसू नका.

पायरी ४: खाणं

हा निशाचर मासा आहे. खाणं दिवा मालवल्यावर टाका. दिवसा टाकलेला वेफर (माशांच्या खाद्याची तळाशी बुडणारी चकती) टेट्रा, गप्पी असे सोबतचे छोटे मासे पळवतात, आणि मालकाला वाटतं आपण प्लेकोला खायला घातलं.

८-१० सेंमीच्या दोन माशांना एका रात्रीसाठी झुकिनीची दीड-दोन सेंमी जाडीची एक चकती पुरते. काकडी चालते, पण तिच्यात पाणीच जास्त. आठवड्यातून एकदा ठीक. पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून, लाल भोपळा चार-पाच मिनिटं शिजवून, मटार साल काढून द्या. भाजीवर फवारणीचे अंश असतात, म्हणून नीट धुवा, शक्यतो साल काढा. चकती बुडावी म्हणून स्टीलच्या चमच्याची दांडी तिच्यात खुपसा. उरलेलं बारा तासांत बाहेर काढा. कुजलेली भाजी एका रात्रीत पाणी गढूळ करते.

आठवड्याचा क्रम साधारण असा ठेवा: चार रात्री भाजी, दोन रात्री शेवाळाचा वेफर (दोघांत एक), एक रात्र उपास. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यात एकदाच, चिमूटभर. मांसाहार वाढला की लांब आतड्याच्या या माशाचं पोट फुगतं. फुगलेलं पोट आणि भरलेलं पोट यांत गल्लत करू नका. भरलेलं पोट मऊ गोलसर दिसतं, फुगलेलं ताणलेलं, आणि मासा धापा टाकत असतो.

विष्ठेचा रंग खाण्याप्रमाणे बदलतो: लाकडाने तपकिरी, पालकाने हिरवी, भोपळ्याने नारिंगी. पारदर्शक पांढरे धागे येत राहिले तर मासा उपाशी आहे किंवा आतड्यात जंत आहेत. आधी चार दिवस नीट खायला घालून बघा, तरीही फरक पडला नाही तर जंतांचं औषध.

पायरी ५: दर आठवड्याची कामं

एक-तृतीयांश पाणी बदला, तळाची विष्ठा सायफनने ओढून. नव्या पाण्याला आधी अँटिक्लोरिन, आणि तापमान टाकीच्या दोन अंशांच्या आत. पाणी उपसण्याआधी हीटरचं बटण बंद करा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ३० पीपीएमच्या खाली असावं. स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा.

काय बिघडतं, आणि पिवळ्या अंगावर ते कसं दिसतं

पांढरे ठिपके, म्हणजे इक, तपकिरी माशावर मिठाच्या दाण्यांसारखे लगेच दिसतात. पिवळ्यावर ते चटकन दिसत नाहीत, आणि लक्षात येईपर्यंत टाकीभर पसरलेले असतात. म्हणून मासा दगडाला अंग घासू लागला की टॉर्च तिरपी धरून शेपटीच्या आणि पाठीच्या पराची पारदर्शक पडदी तपासा, ठिपके तिथे आधी उठून दिसतात. उपाय: दर बारा तासांनी एक अंश अशा गतीने पाणी ३० अंशांवर न्या, हवा दुप्पट करा आणि दहा ते चौदा दिवस तसंच ठेवा. औषध घालायचंच तर अर्ध्या मात्रेने सुरुवात. तांबं असलेली औषधं प्लेकोला सोसत नाहीत. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नका.

याउलट लाली मात्र पिवळ्या अंगावर आधी दिसते. पोटाखाली किंवा परांच्या मुळाशी गुलाबी-लाल रेषा दिसल्या की आधी पाणी मोजा. बहुतेक वेळा अमोनिया निघतो. लगेच निम्मं पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद, आणि कारण शोधा: धुतलेला फिल्टर, लाकडामागे मेलेला मासा, विसरलेली भाजी.

सोबतीला छोटे टेट्रा, रास्बोरा, कोरिडोरास चालतात. मोठे सिक्लिड नकोत. गोल्डफिशही नको: त्याला थंड पाणी हवं, आणि उपाशी ब्रिसलनोज त्याच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो.

पायरी ६: जोडी लावणे

कुणाशी कुणाला जोडायचं ते आधी ठरवा. पिवळा रंग मागे राहणारा गुण आहे, तो दोन्ही पालकांकडून यावा लागतो. पिवळा नर आणि पिवळी मादी असली की सगळी पिल्लं पिवळी. पिवळा आणि शुद्ध तपकिरी जोडले तर सगळी तपकिरी, पण प्रत्येकात पिवळा गुण दडलेला. असं दडलेलं तपकिरी पिल्लू मोठं करून पिवळ्याशी जोडलं तर सरासरी निम्मी पिवळी. रक्त बदलायला हाच चांगला मार्ग आहे. पिवळा आणि अल्बिनो मात्र जोडू नका. दोघांचे गुण वेगवेगळे असल्याने पिल्लं साधारणपणे तपकिरी निघतात, आणि पुढच्या पिढीत कोण काय घेऊन फिरतं ते कळेनासं होतं.

मासे १०-१२ महिन्यांचे, ८ सेंमीच्या वर हवेत. एक नर, दोन माद्या. गुहा मातीची किंवा पाटीच्या दगडाची, एका टोकाला बंद: लांबी १२-१५ सेंमी, आतली रुंदी ४-५ सेंमी. नर आत गेल्यावर बाजूचे पर भिंतींना टेकावेत इतकीच ती घट्ट असावी. सैल गुहेत अंड्यांवरून पाणी नीट फिरत नाही आणि दुसरा मासा आत घुसतो. गुहेचं तोंड प्रवाहाच्या थेट समोर नको, थोडं आडोशाला.

दोन आठवडे चांगलं खाऊ घाला, ब्लडवर्म आठवड्यात दोनदा. मादी वरून बघितली तर कमरेशी रुंद झालेली दिसेल. मग ४० टक्के पाणी तीन-चार अंश थंड पाण्याने बदला. पावसाने नदीत येणारं थंड, नवं पाणी त्यांना विणीची वेळ सांगतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा करा. नर मादीला गुहेत घेऊन तोंड अडवून बसला, अगदी रात्रभर, तरी मध्ये पडू नका.

अंडी पिवळी-नारिंगी, प्रत्येकी सुमारे ३ मिमी, ३० ते १०० चा एकच गोळा. अंड्यांच्या रंगावरून पिल्लांचा रंग ठरवू नका, तपकिरी जोडीची अंडीही अशीच असतात. मादी निघून जाते आणि नर शेपटीने, परांनी वारा घालत बसतो. २६ अंशांना चार ते सहा दिवसांत अंडी फुटतात. टॉर्च क्षणभरच लावा: मोठ्या पिवळ्या पिशवीला (हीच पिल्लाची पहिल्या दिवसांची शिदोरी) चिकटलेली थरथरती शेपटी दिसते आणि वर डोळ्यांचे दोन ठिपके. डोळे काळे आणि अंग दोन-तीन दिवसांनीही फिकटच राहिलं तर ती पिवळी. अंगावर करडी छटा चढू लागली तर तपकिरी.

पहिलटकर नर पुष्कळदा अंडी गुहेबाहेर ढकलतो. गोळा टाकीतल्या जाळीच्या डब्यात ठेवा, शेजारी एअरस्टोन सोडा. बुडबुडे थेट अंड्यांवर आदळू नयेत, गोळा नुसता हलकेच डोलला पाहिजे. पांढरी पडलेली अंडी रोज चिमट्याने काढा, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते.

पायरी ७: पिल्लं

पिवळी पिशवी संपेपर्यंत, म्हणजे फुटल्यापासून पाच-सात दिवस, खायला काही घालू नका. ती संपली त्याच संध्याकाळी मात्र खाणं हजर हवं. पिल्लं उपाशी राहू शकत नाहीत. वाफवलेला पालक आणि झुकिनी सतत टाकीत, दिवसातून दोनदा नवी. जोडीला वेफरची पूड. एक लाकडाचा तुकडा पहिल्या दिवसापासून ठेवा. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा.

विणीतली बहुतेक मरतूक दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात होते. सारखं खाणं म्हणजे सारखी घाण, आणि त्या भीतीने खाणं कमी केलं तर पोटं खपाटीला. यातून वाट एकच: खाणं भरपूर ठेवा आणि दर दिवसाआड एक-चतुर्थांश पाणी बदला. काचेवरची पिल्लं भिंगातून बघा. पारदर्शक पोटातून पालकाची हिरवी गुंडाळी दिसली पाहिजे. आठ-दहा आठवड्यांत ती २.५ सेंमीची होतात. वाढलेली पिल्लं दुसऱ्या टाकीवाल्यांना द्या, नदी-तळ्यात कधीही सोडू नका.

या सगळ्यात नर विसरला जातो. अंड्यांवर बसलेल्या दहा-बारा दिवसांत तो जवळजवळ काहीच खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडताच पुन्हा नव्या मादीला बोलावू लागतो. पिल्लं वेगळी केली की गुहा टाकीतून काढून घ्या आणि त्याला दोन-तीन आठवडे नुसतं खाऊ द्या. तो काचेवर येऊन बसेल तेव्हा खालून बघा. पोट पुन्हा गोल दिसलं की मगच गुहा परत ठेवा.